लुहेऱ्याचं बोलावणं

आफ्रिकेत लुहेऱ्याच्या मिशनमध्ये असलेले पाद्री, पाटर कोर्बिनियन, रविवारी जेवायला येणार हे ठरल्यापासून सरलाच्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. पाडवा कामाच्या वारी येत होता, म्हणून तिच्या नवऱ्याने, भास्करने, तो आदल्या रविवारीच साजरा करायचं ठरवलं होतं. सरलाने शनिवारी क्वार्क फडक्यात बांधून न्हाणीघरातल्या नळाला टांगला. इथला क्वार्क म्हणजे आपला चक्काच, फक्त जरा जास्त पाणी धरून ठेवतो. सकाळी उठून पाहते तो श्रीखंड चाळणीवर घासून, साखर घालून तयार होतं, आणि सुलेखावहिनी बाहेर जिना पुसत होत्या.

या आठवड्यात जिन्याची पाळी त्यांच्या घराची होती. दाराच्या मुठीला तशी लाकडी पाटीच अडकवलेली असे. या पाळीला इथे केअरवोखं म्हणतात. लग्न होऊन जर्मनीत गेर्लिंगेनला आल्यावर सरलाला पाठ झालेला जर्मनमधला हा पहिला शब्द, कारण त्याच्या सुरुवातीलाच केर होता.

"वहिनी, अहो उठा बघू! पाहुण्याने जिना पुसायचा का?"

"दोन महिने राहिलेल्याला पाहुणा म्हणतात का गं?" सुलेखा फडकं पिळत म्हणाली. "आणि तुमच्या खालच्या घरमालकीण फ्राऊ हेबर्ले दाराच्या फटीतून बघतायत. आता अर्ध्यावर सोडलं तर तुझं नाव खराब."

सरला हसली. गेल्या दोन महिन्यांत ती जेवढी हसली होती तेवढी मागच्या सहा वर्षांत हसली नव्हती. भास्करचे थोरले भाऊ श्रीपादभाऊजी, वहिनी आणि त्यांची मुलगी शुभा फेब्रुवारीत आफ्रिकेतल्या टांगानिकाहून आले, ते भाऊजींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. त्याआधी जानेवारीत दार-ए-सलामला शिपायांनी बंड केलं, आपल्या लोकांची दुकानं फुटली, आणि ते वर्तमानपत्रात वाचून भास्करने तारांवर तारा केल्या होत्या. आता दोन्ही डोळे चांगले झाले होते. भाऊजी खिडकीशी बसून समोरच्या टेकडीवरची चेरीची झाडं मोजत आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगत.

"वहिनी, वरची जागा पाहिलीत ना? दोन खोल्या, उन्हाच्या बाजूला. ह्यांनी फ्राऊ हेबर्लेंना जवळजवळ होच सांगितलंय. कंपनीत भाऊजींच्या भाषांतराच्या कामाचंही बोलून ठेवलंय."

"पाहिली. छान आहे."

"मग?"

"मग पुऱ्यांची कणीक भिजवायला घे," असं म्हणून सुलेखा बादली उचलून आत गेली.

*

भास्कर मुद्दाम लवकर निघून ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. घरी पोचायच्या आत त्याला पाटरांशी बोलायचं होतं.

पाटर कोर्बिनियन मार्चमध्ये आफ्रिका सोडून आले होते. त्यांच्या धर्मसंघाने त्यांना रेगेन्सबर्गजवळच्या मठात ठेवलं होतं. दोन दिवसांसाठी ते स्टुटगार्टला आले होते, आणि लुहेऱ्याच्या शाळेतले आपले गणिताचे सर श्रीपाद इथे आहेत म्हटल्यावर भेटल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं. उंच, वाळलेले, उन्हाने रापलेले पाटर ट्राममधून उतरले तेव्हा एप्रिलच्या त्या कोवळ्या उन्हातही त्यांनी लोकरी गळपट्टा गुंडाळला होता.

"इथे सगळ्यांना वसंत आलेला दिसतो," ते इंग्रजीत म्हणाले. "मला थंडी वाजते. माझ्याच देशात."

चढाच्या रस्त्याला लागल्यावर भास्करने विषय काढला. "पाटर, एक विनंती आहे. रागावू नका. दादाला तुम्ही परत बोलवाल अशी मला भीती आहे. तुम्ही विचारलंत तर तो नाही म्हणणार नाही. त्याने तुम्हाला तेरा वर्षं दिली. तिथे त्याचा मुलगा गेला. वहिनींनी काय सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता त्यांना इथे राहू द्या, माझ्याजवळ."

पाटर दम घ्यायला थांबले. "भास्कर, मी श्रीपादला परत यायला सांगणार नाही."

"शब्द देता?"

"दिला."

भास्करच्या छातीवरचं ओझं उतरलं. दादाने आफ्रिकेची बोट धरली तेव्हा भास्कर सोळा वर्षांचा होता. त्यानंतरची अठरा वर्षं दादा म्हणजे निळ्या पातळ कागदावरची बारीक अक्षरं. आता तोच दादा वरच्या दोन खोल्यांत राहणार, संध्याकाळी खाली येऊन चहा पिणार, त्याच्या जर्मनला नावं ठेवणार. उरलेला चढ भास्कर शीळ घालत चढला.

*

पाटरांना बघून श्रीपाद उठला तो खुर्चीच पाडून. दोघांनी एकमेकांचे खांदे धरले आणि दोघंही एकदम स्वाहिलीत बोलू लागले. शुभा मधूनच त्यांच्यात घुसली. सतरा वर्षांची ही मुलगी चार वर्षांची असल्यापासून लुहेऱ्यात वाढली होती. तिचं स्वाहिली बापापेक्षा चांगलं होतं आणि मिशनमधल्या नन्सकडून शिकलेलं जर्मन काकूपेक्षा.

पाटर पुरीकडे आदराने बघत राहिले. ती फोडायला त्यांचा जीव होईना.

"पाटर, मला एक सांगा," सरला त्यांना श्रीखंड वाढत म्हणाली. "ही शाळा शाळा मी इतकी वर्षं ऐकतेय. ती सुरू कशी झाली हे मला कुणी सांगितलंच नाही."

"सव्वीस साली," पाटर म्हणाले.

"एक्कावन्न साली," श्रीपाद म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "झालं सुरू," शुभा पुटपुटली.

"सव्वीस साली मी लुहेऱ्याला पोचलो," पाटरांनी चमचा खाली ठेवला. "चार खांब आणि वर गवत. धर्म शिकवणारे शिक्षक तयार करायचे एवढाच हेतू. पण मुलं म्हणाली, वाचायलाही शिकवा. मग म्हणाली, हिशेब शिकवा. युद्ध सुरू झालं आणि आम्ही जर्मन, म्हणून इंग्रजांनी आम्हाला ट्रकमध्ये घालून छावणीत नेलं. निघताना शाळेची किल्ली मी बेनेडिक्टच्या हातात दिली. आमचा पहिला विद्यार्थी, तोवर शिक्षक झालेला. आठ वर्षांनी परत आलो. वाटलं होतं, छप्पर तरी उरलंय की नाही. तर वाटेवरूनच पाढे ऐकू आले. खडू संपला होता म्हणून कसाव्याच्या कंदाच्या वाळक्या पांढऱ्या कांड्यांनी फळ्यावर लिहीत होता तो. पगार? आठ वर्षांत एक शिलिंग नाही."

सरलाचा हात वाढता वाढता थांबला.

"ते सगळं खरं," श्रीपाद म्हणाला. "पण ती प्राथमिक शाळा झाली. सेकंडरीची मान्यता हवी तर पदवीधर गणित शिक्षक दाखवा, असं इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं. तेव्हा हे दार-ए-सलामला आमच्या शाळेत येऊन मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, याल का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. तर म्हणतात, ट्रक उद्या सकाळी निघतोय."

"आणि ह्यांनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं की ट्रक उद्या सकाळी निघतोय," सुलेखा म्हणाली. "विचाराचा भाग गाळला."

सगळे हसले. भास्करही हसला. आज त्याला सगळंच गोड लागत होतं.

श्रीपाद रंगात आला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शिकवणं कसं बंद पडायचं आणि तो नुसतं फळ्यावर लिहीत सुटायचा. केंब्रिजच्या परीक्षेला बसलेल्या पहिल्या तुकडीतली मुलं आदल्या दिवशी बूट घालून चालायचा सराव कशी करत होती. आणि त्याच तुकडीतला बेनेडिक्टचा मुलगा मथायस भूमितीत त्याच्याशीच कसा वाद घालायचा. तोच मथायस आता पाटरांच्या जागी मुख्याध्यापक झाला होता.

"गणिताचं कोण बघतंय सध्या?" श्रीपादने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"तुझाच विद्यार्थी, युस्टस. मकेरेरे विद्यापीठातून पदवी घेऊन आला. फेब्रुवारीपासून तुझेच वर्ग घेतो. चांगला शिकवतो." पाटरांनी पुरीचा तुकडा मोडला. "तुझ्यासारखाच ओरडतो."

श्रीपादने मान हलवली. आपल्या हाताखालचा पोरगा आपल्या जागी उभा राहिला याचा त्याला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात दुसऱ्याच क्षणी कडवटपणा मिसळला. तो वाट बघत होता. दोन महिने तो हेच वाक्य ऐकायची वाट बघत होता: श्रीपाद, कधी येतोस? सुलेखासमोर त्याने लुहेऱ्याचं नाव काढायचं टाळलं होतं. त्या मातीत तिचा दत्तू होता. पण पाटरांनी विचारलं असतं तर निदान विषय निघाला असता. पाटर विचारतच नव्हते. ते पुरीचा तुकडा श्रीखंडात घोळवत बसले होते.

*

पानं उचलून झाल्यावर सरलाने कॉफी आणली. पाटरांनी कप हातात घेतला, तो तसाच ठेवला आणि खुर्ची जरा सुलेखाकडे वळवली.

"मिसेस खांबेटे, मथायसने तुमच्यासाठी निरोप दिलाय. माझ्याकडून शब्दन् शब्द पाठ करून घेतला."

"मला?"

"तो म्हणतो, आमची शाळा चार खांबांपासून सुरू झाली म्हणतात. माझ्या बहिणी दाराबाहेर उभ्या आहेत तोवर मी ती निम्मीच सुरू झाली असं धरतो. सरकारने मुलींच्या सेकंडरीला मंजुरी दिली आहे, इमारतीचा पाया घातला आहे. मिसेस खांबेट्यांना विचारा, उरलेली निम्मी शाळा त्या सुरू करतील का?"

खालच्या मजल्यावर फ्राऊ हेबर्लेंचा रेडिओ लागला होता, तेवढाच ऐकू येत राहिला.

शुभाच्या डोळ्यांसमोर एकदम व्हरांडा आला. मास्तरांच्या घराचा, लाल सिमेंटचा. आई तिला शिकवायला बसली की मथायसच्या बहिणी येऊन बसत, मग आणखी मुली. पुढे शुभाला मुलांच्या शाळेत बसायची परवानगी मिळाली, मास्तरांची मुलगी म्हणून. बाकीच्यांना नाही. तिची मैत्रीण लिओकादिया वर्गाच्या खिडकीखाली उकिडवी बसून बाबांचं शिकवणं ऐकायची आणि काडीने जमिनीवर वर्तुळं काढायची. शुभा आत बाकावर बसायची आणि खिडकीकडे बघायचं टाळायची.

"पाटर!" भास्कर उठून उभा राहिला. "तुम्ही मला शब्द दिला होता!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," पाटर शांतपणे म्हणाले. "आणि पाळला. श्रीपादला मी काहीही विचारलेलं नाही."

"ही चलाखी झाली! आल्झो, म्हणजे, वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्हाला कुणी भरीला घालणार नाही. मी वरच्या जागेचं—"

"भास्करभाऊजी," सुलेखा म्हणाली, "बसा."

ती आवाज चढवत नसे. भास्कर बसला.

"वहिनी, पण तिथे दत्तू..."

सुलेखाने हात मांडीवर घेतले. दोन वर्षांचा दत्तू तापात गेला तेव्हा इतक्या लहान मुलाचं दहन करत नाहीत म्हणून पुरायचं ठरलं. मिशनच्या दफनभूमीत बाप्तिस्मा न झालेल्याला जागा नव्हती. तेव्हा पाटरांनी शाळेच्या मैदानाच्या कडेला, निळ्या फुलांच्या झाडाखाली, स्वतः कुदळ घेतली होती. इथे सगळे परस्पर धरून चालले होते की सुलेखाला ते मैदान पुन्हा बघवणार नाही. इतकी काळजी घेत होते सगळे, की तिला विचारायचं राहूनच गेलं होतं.

"दत्तू तिथे आहे म्हणून मी जाणार नाही," ती म्हणाली. "आणि दत्तू तिथे आहे म्हणून टाळणारही नाही. तो गेल्यावर मी महिनाभर दार उघडलं नव्हतं. मग एक दिवस मुली येऊन व्हरांड्यात बसल्या. हाक नाही मारली, दार नाही वाजवलं. आदल्या महिन्यात शिकवलेली कविता म्हणायला लागल्या. चुकीची म्हणत होत्या. मला आतून राहवेना. दार उघडून ती ओळ दुरुस्त केली, आणि मग मी रोज उघडायला लागले." तिने पदर सारखा केला. "पुण्याला बी. टी. केलं होतं मी, शिक्षिका व्हायला. ते कुणाच्या लक्षात नाही. माझ्याही नव्हतं. मथायसच्या आहे."

"पण तिथे धोका आहे, वहिनी. जानेवारीत—"

"दुकानं फुटली ती दार-ए-सलामला. लुहेऱ्यात बेनेडिक्ट रात्रभर आमच्या पायरीवर बसून होता. काही होणार नव्हतं, तरी बसला."

भास्करने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. "सरला, तू सांग ना. तू तर रोज म्हणतेस, वहिनी राहिल्या तर किती बरं होईल."

सरला ट्रे हातात घेऊन उभी होती. वरच्या खोल्यांना कुठले पडदे लावायचे हेसुद्धा तिने मनात ठरवलं होतं. उद्यापासून परत ती आणि हा जिना.

"म्हणत होते," ती म्हणाली. "पण ते मी माझ्यासाठी म्हणत होते. अहो, तुम्ही जागा बघितलीत, नोकरी बघितलीत. वहिनींना एकदा तरी विचारलंत, तुम्हाला काय करायचंय? मीही नाही विचारलं." तिने ट्रे घट्ट धरला. "जाऊ द्या त्यांना. मला रडू येईल, पण ते माझं मी बघेन."

सुलेखाने तिच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

श्रीपाद उठला आणि गॅलरीत गेला.

*

भास्कर त्याच्या मागोमाग आला. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले.

"दादा, तुला वाईट वाटलं."

"वाटलं की. तेरा वर्षं खडू झिजवला मी, आणि बोलावणं आलं बायकोला." श्रीपाद हसला, पण हसू पुरतं जमलं नाही. "आत बसलो असताना मनात काय आलं माहितेय? मथायस विसरला मला. मग वाटलं, गाढवा, विसरला कुठे? मी भूमिती शिकवत होतो तेव्हा त्याच खिडकीखाली मुली बसलेल्या असत. मला दिसत होत्या. मी आवाज चढवायचो, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. त्यांना आत घ्यावं असं काही सुचलं नाही. हिने सगळ्यांना आत घेतलं. मग ती सोडून कुणाला बोलावणार तो?"

"म्हणजे तू जाणार."

"दोन महिने मी हिच्यासमोर लुहेऱ्याचं नाव काढलं नाही, हिला त्रास होईल म्हणून. आणि ही माझ्यासमोर काढत नव्हती, माझ्या डोळ्यांमुळे. आम्ही दोघं तुझ्या घरात एकमेकांना जपत जपत कंटाळून गेलो रे." त्याने धाकट्या भावाकडे वळून पाहिलं. कानाशी केस पांढरे व्हायला लागले होते याचे. कधी झाले? "भाशा, मला इथे आवडलं नाही असं मनात आणू नकोस."

लहानपणीची हाक ऐकून भास्करने टेकडीकडे तोंड फिरवलं. "मला वाटलं होतं, आता तरी एका घरात राहू."

"मग शुभाला ठेवून घे. तिला इथेच शिकायचंय. माझ्याशी बोलायला घाबरते, कारण आम्ही लुहेऱ्याला परतलो तर तिलाही न्यावं लागेल असं तिला वाटतं. चांगली दहा वर्षं पुरेल तुला. माझ्यापेक्षा जास्त डोकं खाते."

भास्करने डोळे पुसले आणि मोठ्याने नाक ओढलं. "जा," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दादाला तो जर्मनमधला होकार वाटला की मराठीतली परवानगी, हे कळायला मार्ग नाही. त्याने ते तसंच राहू दिलं.

आत शुभा आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसली होती. इतके दिवस तिला वाटत होतं की इथे राहायला मिळालं तर ती नाचेल. आता मिळणार असं दिसल्यावर तिने आईचा पदर मुठीत धरला होता आणि सोडत नव्हती.

"आई, तू गेल्यावर मला करमणार नाही."

"नाहीच करमणार. मलाही नाही." सुलेखा तिच्या केसांवरून हात फिरवत होती. "काकूला त्रास देऊ नकोस. आणि बाबांना पत्र इंग्रजीत लिहिलंस तर ते चुका काढून परत पाठवतील, तेव्हा मराठीत लिही."

"लिओकादियाला घेशील ना? तिचं लग्न झालंय. मूल आहे."

"मुलाला व्हरांड्यात ठेवू. तिला आत बसवू."

पाटर खिडकीकडे तोंड करून बसले होते. ते पुन्हा कधी लुहेऱ्याला जाणार नव्हते. तब्येतीचं कारण सांगून संघाने तसं ठरवलं होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं. "मिसेस खांबेटे," ते वळून न बघता म्हणाले, "पाढे ऐकू आले की मला कळवा."

"कळवीन, पाटर. पहिल्याच दिवशी."

श्रीपाद गॅलरीतून आत आला. त्याने सदरा ओढून सारखा केला आणि वर्गात नवीन साहेब तपासणीला आल्यावर उभं राहावं तसा बायकोसमोर उभा राहिला.

"बाई, तुमच्या शाळेत गणिताला जागा आहे का?"

सरलाने तोंडाला पदर लावला. सुलेखाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मुलींना शिकवलंय कधी?"

"एकीला. हिला."

"ओरडतात," शुभा रडता रडता म्हणाली. "फार ओरडतात."

"मग पहिलं वर्ष खालचे वर्ग," सुलेखा म्हणाली. "नंतर बघू." मग ती उठली आणि हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी गेले असते. हे तुम्हाला माहीत असू दे."

"माहीत आहे," श्रीपाद म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."